मधात सव्वा किलोची पोट्टी

आमच्या वॉर्डात रजिस्टरं सव्वीस आहेत. वजनाचं, तापाचं, दुधाचं, चादरींचं, अगदी फिनाइलचंसुद्धा! पण किस्स्यांचं रजिस्टर कोणी छापलं नाही. त्यामुळे तेवीस वर्षांच्या नोकरीत साठलेला तो सगळा माल माझ्या डोक्यात पडून आहे. ड्युटी संपली, चहा आला, की नव्या पोरींपैकी कोणीतरी म्हणतेच, "सिस्टर, तो खोकल्यावाला सांगा नं!" आणि मी सुरू होते. सुरू झाले की थांबत नाही, हे माझ्या नवऱ्याला विचारा.

खोकल्यावाला एकदम सांगून उपयोग नाही. आधीचे ऐकावे लागतात. सगळे एकाच पावसाळ्यातले आहेत.

आमचा वॉर्ड म्हणजे सरकारी दवाखान्यातली कमी वजनाची बाळं. काचेच्या पेटीतून बाळ बाहेर आलं की आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून फडक्यानं बांधून ठेवायचं. दिवसाचे जितके तास जमतील तितके. आईला जमत नसेल तर बाप, आजी, मावशी, कोणीही चालतं. अंगाची ऊब आणि छातीचे ठोके, हेच औषध. परदेशात याला कांगारूचं नाव दिलंय, म्हणून आमच्या दारावर कांगारूचं हे एवढं मोठं चित्र आहे.

एक आजी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होती. जंगलातल्या गावची बाई. मला म्हणाली, "बाई, वाघ पाह्यला, अस्वल पाह्यलं, हे कोनतं जनावर व्हय? आमच्याकडं तं नाई दिसलं कधी."

मी समजावलं. लांब देशातला प्राणी आहे, पोटाला पिशवी असते, पिल्लू तिच्यात ठेवतो. मग ट्रेनिंगमध्ये शिकवलेला चार नाड्यांचा पट्टा काढला आणि तिच्या सुनेला बांधून दाखवायला लागले. एक नाडी मानेवर, दुसरी काखेतून, तिसरी कुठली ते मीच विसरले. बाळ खाली घसरायला लागलं.

आजीनं माझा हात बाजूला केला. सुनेच्या लुगड्याचा पदर घेतला, दोन वळसे, एक खोच, एक गाठ. बाळ छातीशी घट्ट, मान वर, नाक मोकळं!

"ओटा व्हय बाई हा. मोहफुलं येचाले जातो तवा बांधतो. दोन पायली मोह राह्यते याच्यात, नातू नाई राह्यनार?"

त्या दिवसापासून पट्टे कपाटात आहेत. चित्र मात्र काढता येत नाही, वरून आलेलं आहे.

*

आमचे डॉक्टर सांगलीकडचे. हुशार माणूस, पण लाजाळू. राउंड झाला की वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या टेबलामागे बसायचे आणि एकेका आईला समोर बोलवायचे.

"बाळ दूध पितं?" "हो." "शी करतं?" "हो." "तुम्हाला काही त्रास?" "नाई."

संपलं! बाहेर येऊन तीच बाई आमच्या कांताबाईजवळ अर्धा तास रडायची. कांताबाई म्हणजे आमची आया. शिकलेली सातवी, पण अर्धा वॉर्ड तीच चालवते. उरलेला अर्धा मी चालवते, असं मला वाटतं.

तर तो टेबल. सागवानाच्या जिल्ह्यात आम्हाला टेबल मिळाला प्लायवुडचा! त्या पावसाळ्यात वाळवीनं त्याचे दोन पाय खाल्ले आणि एका सकाळी तो फायलींसकट बसला. दुसरा मिळेना. डॉक्टर बिचारे बसणार कुठं? गेले आणि एका आईच्या खाटेच्या कडेवर टेकले. तिच्या शेजारी, खांद्याला खांदा. स्टेथोस्कोप तळहातात चोळून गरम करत सहज विचारलं, "काय, बरं आहे नं?"

ती बाई चार दिवस "नाई, काई त्रास नाई" म्हणणारी. हळूच म्हणाली, "साहेब, सांगू का? म्या चार दिवस झोपलीच नाई. डोळा लागला अन् पोट्टं दबलं तं?"

डॉक्टरांनी लगेच उशी घेतली, तिला अर्धवट टेकवून कसं झोपायचं ते दाखवलं आणि ती झोपेपर्यंत तिथंच बसून राहिले. मग तेच रोजचं झालं, खाटेवर बसून बोलायचं. नवा टेबल दिवाळीनंतर आला, तो त्यांनी स्टोअरला पाठवून दिला.

कांताबाई म्हणाली, "साहेबाच्या कानाचा इलाज वाळवीनं केला!"

*

आता वनिताची पोरगी. त्या पावसाळ्यात आमच्या सगळ्यांचा जीव तिच्यात अडकला होता.

वनिता पोंभुर्ण्याच्या पलीकडची, तळ्याकाठच्या गावची. घरचा धंदा मासळीचा, वर थोडं धान. नवरा सूरजागडकडे खाणीच्या ट्रकवर. सातव्या महिन्यात वनिताचं बीपी वाढलं, झटके आले, पोट कापून पोरगी काढावी लागली. वजन बाराशे दहा ग्रॅम. सव्वा किलोलाही चाळीस कमी! अठराशे झाल्याशिवाय घरी नाही, आणि तिथपर्यंत पोहोचेल याची खात्री कोणालाच नव्हती.

आई दुसऱ्या वॉर्डात, ग्लानीत. नवरा येऊन पोरीकडे पाहून घाबरून रडला आणि ट्रकवर परत गेला, सुट्टी नव्हती. सासूला जुना खोकला, आणि खोकल्याचा माणूस माझ्या वॉर्डात येत नाही. हा माझा नियम, त्यात मी देवाचंही ऐकत नाही. गावातल्या बाकी बाया धानाच्या रोवणीला चिखलात. उरला कोण? नवऱ्याचा मोठा भाऊ, देवाजी. काळा, उंच, चाळिशीचा माणूस, जाळ्यानं चिरलेले हात.

"मले जमन का, बाई?"

"जाळं धरता येते नं?"

"येते."

"मंग हेही येईन. जा, हात धुऊन या."

तीनदा साबण लावला तेव्हा मासळीचा वास गेला. शर्ट काढून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पोरगी छातीवर ठेवली, वरून फडकं बांधलं. आमचे बाप लोक वीस मिनिटांत चुळबुळ करतात. हा माणूस गरी टाकून बसल्यासारखा चार तास बसला. चहालाही नको म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी औषधं भरत होते. खिडकीकडून अगदी हळू आवाज आला, "सिस्टर. हे थांबली."

मी पळाले. पोरीचा श्वास बंद, ओठ निळसर. पण देवाजीचं बोट तिच्या पाठीवर फिरतच होतं. पहिल्या दिवशी शिकवलं होतं, श्वास थांबला तर पाठ चोळा. मी पोहोचेपर्यंत तिनं एक उसासा घेतला, मग रडली. ठोके मोजायच्या मशीनची वायर पायावरून निघून लोंबत होती, मशीनला काहीच माहीत नव्हतं! मी वायर पुन्हा पायाला लावली.

"तुम्हाला कसं समजलं हो, भाऊ?"

"मासा लागला तं दोरीवरून बोटाले समजते, बाई. हे तं छातीवर होती."

*

देवाजीला पाहून दुसरा एक बाप तयार झाला. बल्लारपूरचा, कागद कारखान्यात कामाला. आधी म्हणायचा, "शर्ट काढून बायांच्या वॉर्डात बसू? लोक काय म्हनतीन?" देवाजीनं शेजारची खुर्ची सरकवली आणि एवढंच म्हटलं, "या भाऊ, बसा." दोघे बसले. दुसऱ्या दिवसापासून हा बाप बायकोकडून बाळ हिसकावून घ्यायला लागला!

एका दुपारी त्याचं बाळ गायब. आई अंघोळीला गेली होती, परत आली तर ना बाळ ना नवरा. मी वॉर्डात शोधतेय, कांताबाई बाथरूममध्ये, वॉचमननं गेट लावलं, आईनं रडून दवाखाना डोक्यावर घेतला. माझ्या डोळ्यांसमोर नोकरी, पोलीस, पेपर, सगळं येऊन गेलं.

शेवटी वॉचमननं गेटबाहेरच्या टपरीकडे बोट केलं. आमचा बाप चेनची जर्सी घालून चहा पीत उभा! आणि जर्सी पोटाजवळ हलत होती. मी ओरडत गेले, "बाळ कुठंय?" त्यानं गळ्याशी चेन दोन बोटं खाली केली. आत टोपीतलं डोकं, बाळ गाढ झोपलेलं. टपरीवाल्यानं गाणं बंद केलं होतं आणि आठ दहा माणसं कुजबुजत चहा पीत होती.

"तुमीच तं म्हनलं सिस्टर, खाली ठेवू नका!"

म्हटलं होतं खरं. दुसऱ्या दिवशी आमच्या नियमांच्या बोर्डवर एक ओळ वाढली: बाळ बांधून चहाला जाऊ नये.

*

त्याच महिन्यात छत गळायला लागलं आणि दोन खाटा एकमेकींना चिकटवाव्या लागल्या. नेमक्या त्या दोघी एकाच गावच्या निघाल्या, आणि दोन्ही घरांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सासऱ्यांच्या काळापासूनचं भांडण! एकमेकींकडे पाठ करून झोपायच्या. मधात सहा इंच.

दोन दिवस चूप. तिसऱ्या दिवशी एकीला बाथरूमला जायचं होतं आणि कांताबाई सापडेना. तिनं न बोलता बाळ उचललं आणि दुसरीच्या रिकाम्या हातात दिलं. चौथ्या दिवशी दोघी एका डब्यातून जेवत होत्या. दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी एकमेकींना धरून अशा रडल्या की मला वाटलं, आता धुरा मोडला.

"चला, भांडण मिटलं म्हणायचं!" मी म्हटलं.

दोघी एकदम म्हणाल्या, "घरी नका सांगू सिस्टर, घरी आमचं बोलनं बंद आहे!"

*

नवव्या दिवशी वनिता सावरली आणि वॉर्डात आली. आता दूध पाजायला आई, मधल्या वेळात देवाजी. हळूहळू वजन तेराशे नव्वद झालं. आम्ही रोज सकाळी काट्याभोवती क्रिकेटचा स्कोर पाहिल्यासारखे जमायचो.

आणि देवाजी खोकायला लागला!

मी ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. एवढ्याशा पोरीच्या तोंडावर खोकला? "उठा! बाहेर व्हा! तपासणी झाल्याशिवाय आत यायचं नाही." तो काहीतरी बोलायला गेला, वनिताकडे एकदा पाहिलं, आणि चूपचाप व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला. छातीचा फोटो, बेडका, सगळं तपासायला पाठवलं.

वनिताच्या अंगात अजून ताकद नव्हती, दोन तासांत हात गळायचे. पोरगी पुन्हा काचेच्या पेटीत. पहिल्या दिवशी वीस ग्रॅम उतरली, दुसऱ्या दिवशी आणखी दहा. दूध सोडायला लागली. वनिता पदर तोंडात धरून रडायची. मी विचारलं तर मान हलवायची, बोलायची नाही. डॉक्टर तिच्या खाटेवर बसून राहिले, तरी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी कांताबाई खर्रा थुंकायला म्हणून व्हरांड्यात गेली आणि देवाजीजवळ बसली. तासाभरानं माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी.

"त्या मानसाले खोकला नाई."

"मी कानानं ऐकला!"

"एक घंटा बसली मी बाजूले. एकदाबी नाई खोकलला. मंग म्या इचारलं, भाऊ, तुमचा खोकला कुठी गेला? तं म्हनते, तो खोकला नोहे बाई, मी येऊन राह्यलो हे तिले सांगतो."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा. भासरा आणि धाकट्या भावाची बायको यांनी एकमेकांना शिवायचं नाही, समोर यायचं नाही, बोलायचं नाही. ती त्याचं नाव घेणार नाही, आणि तो खाकरल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही, तिला पदर घ्यायला वेळ मिळावा म्हणून. अपमान नाही तो, मान आहे. माझी स्वतःची आई माझ्या मोठ्या बाबांशी, म्हणजे थोरल्या काकांशी, चाळीस वर्षांत चाळीस शब्द बोलली नसेल. आणि मी, त्याच घरात वाढलेली, खाकरणं ओळखू शकले नाही! दवाखान्यात राहून राहून माझ्या कानात फक्त जंतू भरले होते.

रिपोर्ट संध्याकाळी आले, स्वच्छ. मी स्वतः व्हरांड्यात गेले. तीस ग्रॅम माझ्यामुळे गेले होते, आणि एवढ्या पोरीचे तीस ग्रॅम म्हणजे काय ते मला माहीत होतं.

"देवाजी भाऊ, चुकलं माझं."

"चालते, बाई. तुमचाबी कायदाच आहे."

मग कळलं की बाळाची देवघेव दोघं कशी करायचे ते. हा पोरीला मधल्या रिकाम्या खाटेवर ठेवणार, भिंतीकडे तोंड करून खाकरणार, मग ती पदर ओढून येऊन उचलणार. पावसाळी हवा, थंड रबराची चादर, मिनिटभर पोरगी उघडी! मी म्हटलं, असं चालणार नाही, हातातून हातात द्या. दोघांनी जमिनीकडे पाहिलं. वनिताचे तर कानच लाल झाले.

शेवटी कांताबाई मधात उभी राहायला लागली. देवाजीच्या छातीवरून कांताबाईच्या, कांताबाईच्या छातीवरून वनिताच्या. दोन फुटांच्या अंतरासाठी एक कर्मचारी! वर लिहून मागितला असता तर मलाच तपासायला पाठवलं असतं. पण पोरगी चढली. अठराशे वीसला सुट्टी झाली तेव्हा कांताबाई सगळ्यात जास्त रडली.

*

घरी गेल्यावर दर गुरुवारी वजनाला आणायचं होतं. देवाजीकडे मोटारसायकल होती, पण एका सीटवर भासरा आणि भावाची बायको बसणार कसे? म्हणून वनिता पोरीला घेऊन एसटीत आणि देवाजी मागून गाडीवर. एसटी थांबली की तो थांबणार, निघाली की निघणार. पोरीला काही झालं तर जवळ माणूस पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब.

पहिल्याच गुरुवारी कंडक्टर त्याची कॉलर धरून आमच्या गेटवर हजर! मागं वनिता, हनुवटीपर्यंत पदर.

"सिस्टर, हा मानूस गावापासून या बाईच्या मागं लागून राह्यला. म्या बाईले इचारलं, ओळखता का याले, कोन व्हय हा? बाई बोलेच ना! वरून तोंड झाकून घेतलं!"

देवाजी खाली मान घालून उभा. वनिता त्याच्यासमोर बोलणार कशी आणि नाव घेणार कसं? मला हसू आवरेना, कसंबसं समजावलं. कंडक्टर भला माणूस. पुढच्या गुरुवारपासून देवाजी मागं पडला तर तो एसटी थांबवून ठेवायचा.

*

घरी गेल्यावरच्या सहाव्या आठवड्यात पाऊस आडवा लागला. सकाळी गावच्या आशाताईचा फोन. पोरगी कालपासून दूध ओढत नाही, अंग थंड लागून राह्यलं. नाल्याच्या पुलावर पाणी, एसटी बंद. दवाखान्याची गाडी पुलाच्या अलीकडेच अडकलेली. जंगलातून फेऱ्याची वाट होती, चाळीसेक किलोमीटर, नुसता चिखल.

"छातीशी बांधा आणि निघा!" मी ओरडले आणि फोन कटला.

निघा म्हटलं, पण निघणार कशावर? मी आणि कांताबाई गेटवर उभ्या. डॉक्टर तीनदा बाहेर येऊन गेले. एक तास झाला, दोन तास झाले. मी देवाचं ऐकत नाही म्हणते, पण त्या दोन तासांत त्याला बरंच ऐकवलं.

मग वळणावर ती मोटारसायकल दिसली. चिखलानं रंग ओळखू येत नव्हता. पुढं देवाजी. मागं, त्याच्या पाठीला अगदी चिकटून, वनिता. दोघांवर मिळून एकच मेणकापड. तिच्या डोक्यावर पदर नाही, केस उघडे, गालाला चिखल, आणि एका हातानं तिनं देवाजीचा खांदा असा गच्च धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

गाडी थांबल्यावरही तिला हात सोडवेना. कांताबाईनं एकेक बोट सोडवलं.

मी मेणकापड उचललं. पोरगी ओट्यात, पुढून देवाजीची पाठ, मागून आईची छाती. काखेत थर्मामीटर लावला. साडेछत्तीसच्या वर! चाळीस किलोमीटरच्या पावसातून पोरगी कोरडी आणि गरम आली होती. डॉक्टरांनी खाटेवर बसून तपासलं, जंतुसंसर्ग सुरू झाला होता. "वेळेवर आणलं," म्हणाले. सुई लागली, औषध गेलं, आणि दुपारी चारला पोरीनं दूध ओढलं. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले, कारण सिस्टरनं रडायचं नसतं.

वॉर्ड शांत झाला. वनिता खाटेवर, डोक्यावर पुन्हा पदर, तोंड तिकडे. देवाजी आपल्या जुन्या खुर्चीत, खिडकीबाहेर पाहत. मधात दोन फूट. कांताबाई चहा घेऊन आली. तिला कुठं राहवतं!

"काऊन देवाजी भाऊ, आज नाई खोकलले?"

देवाजीनं मान खाली घातली. आणि पदरातून, अख्ख्या पावसाळ्यात त्याच्यासमोर एक शब्द न बोललेल्या वनिताचा आवाज आला:

"म्याच म्हनलं त्याईले, खोकू नका, गाडी हाना!"